सतरा रेघा

सरुबाईच्या पदरात यातून पडणार होतं ते एवढंच: ताठ पाठ. खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत ती नऊ वर्षं उकिडवी बसून विळ्यानं लॉनच्या कडा कापत होती. मधलं मैदान गवत कापायच्या मशीनचं. ते मागून धरून उभ्यानं ढकलायचं असतं. उभ्यानं चालण्याचं मोल सरुबाईच्या कमरेला विचारावं.

आधी मशीन भिका आप्पांकडे होतं. ते नंदुरबारला परतले तेव्हा वाल्मिकला मिळालं, कारण वाल्मिककडे काळा गॉगल होता. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

दर कापणीनंतर आप्पा शेडच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचे. बारा झाल्या की इंजिनचं तेल बदलायचं आणि भिंत पुसायची. आप्पा गेले, रेघा सरुबाईनं चालू ठेवल्या.

"मावशी, भिंतीवर काय बालवाडी काढली?" वाल्मिक हसायचा.

"तुझीच हजेरी लावते, भो. कामाला येईल."

खंडेनवमीला कंपनीतल्या झाडून सगळ्या मशिनींना हार पडले. आपलंही चमकावं म्हणून वाल्मिकनं प्रेशरच्या पाइपनं गवताचं मशीन धुतलं. खालचं पातं धुवायला ते आडवं केलं, नेमकं चुकीच्या कुशीवर. इंजिनमधलं तेल निवांत एअर फिल्टरमध्ये उतरलं. वर झेंडूचा हार. हेतू चांगला होता, तेवढं त्याच्या बाजूला लिहायलाच हवं.

दसरा उलटल्यावर सकाळी त्यानं दोरी ओढली. पांढऱ्या धुराचा लोट, दोन उचक्या, बंद. प्रशासन अधिकारी श्रीकांत साहेब खोकत खोकत बाहेर आले.

"भंगारात काढा हे. आमलीच्या ठेकेदाराला सांगतो. मशीन त्याचं, माणसंही त्याचीच."

माणसंही त्याची, म्हणजे सरुबाई घरी. ती विळा ठेवून उठली.

"साहेब, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला द्या."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

"नऊ वर्षं खालीच बसलेय ना. तिथून मशीनचं पोट चांगलं दिसतं."

साहेब हसले, आणि हसले म्हणून अडकले. "बरं, एक वाजेपर्यंत. वाल्मिक, तेल कधी बदललं होतंस?"

"मागच्याच महिन्यात, साहेब."

सरुबाईनं भिंतीकडे बोट केलं. "एका कापणीला एक रेघ, साहेब. बारा झाल्या की तेल." साहेबांनी मोजलं. सतरा. वाल्मिकनं गॉगल लावला.

मग ती कामाला बसली. सगळ्यात आधी प्लगची टोपी उपसून बाजूला केली. "हे काढल्याशिवाय पात्याला हात नाही. आप्पांची दहाही बोटं शाबूत होती, ती यामुळे." टाकीतलं जुनं पेट्रोल डब्यात काढलं. इंजिन उन्हानं कोमट झालं होतं. तेवढ्यात तेलही काढून घेतलं. डांबरासारखं काळं निघालं. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, फडक्यात दाबून ऑक्टोबरच्या उन्हात वाळत घातला. प्लग खोलून पुसला, आणि प्लग बाहेर असतानाच दोरी चार-पाचदा ओढली. आत शिरलेलं तेल भोकातून पिचकारीसारखं उडालं. वाल्मिकचा शर्ट समोर होता.

मशीन आडवं केलं तेव्हा एअर फिल्टरची बाजू आकाशाकडे. पात्याला कानस लावली. धार तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. नऊ वर्षं ती रोज विळ्याला देत आली होती. दोन्ही टोकं सारखी, ना एक घासा जास्त, ना कमी. असा हात मी पगारी फिटरचा पाहिलेला नाही.

नवं तेल ओतताना वाल्मिक म्हणाला, "ओत ना सगळी बाटली, मावशी. कशाला ठेवते?"

"खुणेपर्यंतच. जास्त झालं की पुन्हा ओकेल."

वाळलेल्या स्पंजला तेलाची दोन बोटं, पुन्हा पिळून जागेवर. ताजं पेट्रोल. प्लग, टोपी. एकला दहा कमी असताना तिनं पदर खोचला आणि दोरी ओढली.

पुन्हा पांढरा धूर!

"बंद करा, बंद करा!" साहेब ओरडले.

"थांबा, साहेब. पोटात राहिलेलं जळतंय." तिनं मूठ सोडली नाही.

मिनिटभर साहेबांनी नाकाला रुमाल धरला. धूर पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा विरळ, आणि मग काहीच नाही. नुसता एकसारखा, गुबगुबीत आवाज. ताठ पाठीनं सरुबाई गेटपर्यंत गेली आणि वळली. मागे गवताचा सरळ पट्टा, जसा आप्पांच्या वेळी असायचा. साहेबांनी रुमाल खाली घेतला.

"मावशी, उद्यापासून हे तुमच्याकडे."

तिनं शेडमध्ये जाऊन भिंत ओल्या फडक्यानं पुसली, कोळशानं पहिली रेघ ओढली आणि विळा वाल्मिकच्या हातात दिला. "धार लावून ठेवलीय, भो. कडा राहिल्यात."

आता कुणी काय भरलं ते मांडू. साहेबांनी भरला ठेकेदाराला नको म्हणायचा एक फोन. वाल्मिकनं एक शर्ट, आणि गॉगल. उकिडवं बसलं की तो नाकावरून घसरतो, म्हणून खिशात गेला. राहिलेली सगळी बाकी संध्याकाळपर्यंत त्याच्या कमरेनं चुकती केली.