मयताला आणलेली सायकल

मी तापट माणूस. तोंडाला येईल ते बोलतो आन मग तेच धरून बसतो. माझ्या धाकट्या भावाशी, कानिफनाथाशी, मी दोन वर्सं बोललो न्हाई. कारन काय, तर एक सायकल.

त्र्याण्णव साली उन्हाळ्यात आमची आई बनुबाई गेली. मयत निघालं. मी पुढनं खांदा दिला हुता. वळून बघतो तर कानिफ सायकल घेऊन आलेला! दुधाचे कॅन तेवढे काढले हुते. हँडलवर वाकून, सायकल ढकलत, सगळ्यांच्या मागं चाललाय. भावकीत कुजबूज सुरू झाली. माझं टाळकंच सरकलं. माझ्या जागी दुसऱ्याला लावून मी मागं गेलो, सायकल हिसकली आन रस्त्याकडच्या वढ्यात ढकलून दिली.

"आईला खांदा दे," म्हनलो.

त्यानं दिला. पन्नास पावलं चालला न्हाई, तर खांदा सोडून पुलाच्या कठड्यावर मटकन बसला.

"पायात जीव न्हाई, दादा."

अरं वा रं वा! रोज दूध घालाया पाथर्डीपातुर सायकल मारतो, दिवसभर वाकून खुरपतो, आन आईला न्यायलाच पायात जीव न्हाई? सगळ्यांदेखत वरडलो, "तू मला मेलास! माझ्या मयताला येऊ नको!" स्मशानात तो पोचलाच न्हाई.

दोन वर्सांनी त्याची बायको चांगुणा दारात आली. "भाऊजी, ह्यांना आता घरातल्या घरातबी चालवंना. नगरचा डॉक्टर म्हनतो, घरचं मानूस संगं आना. पोरगं ऊसतोडीला गेलंय."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, मायेनं न्हाई गेलो. म्हनलं, डॉक्टरच्या तोंडूनच ह्याचं नाटक उघडं पडू दे.

दवाखान्यात कमरेचा एक्सरे काढला. डॉक्टरनं तो उजेडाच्या पाटीवर लावला आन बोट ठेवलं. "ही मणक्याची हाडं वाढलीत, मधली जागा कमी झालीय. नसांची वाट अरुंद झाली असणार. पक्कं कळायला पुण्याला मोठा तपास करावा लागेल." मग कानिफला इचारलं, "चाललं की पाय जड होतात? बसलं, वाकलं की बरं वाटतं?"

"व्हय सायेब."

"सायकलवर?"

"सायकलवर कायबी हुत न्हाई."

डॉक्टरनं मान हलवली. "वाकलं की ती वाट जराशी मोकळी होते, सरळ झालं की आवळते. असे पेशंट मोकळं चालू शकत नाहीत, पण सायकल ढकलत चालतात."

माझ्या अंगावर काटा आला. मयताचं आमी कुनीच त्यांना सांगितलं नव्हतं.

"कवापासनं आसंल हे?" मी इचारलं.

"तीन-चार वर्षं तरी."

तिथनं स्टँड जवळच. एरवी मी पुढं निघून गेलो असतो. त्या दिशी त्याच्या संगं चाललो. पन्नास पावलं झाली की तो कुनाच्यातरी पायरीवर बसायचा, मीबी बसायचो. एक्सरेचं पाकीट त्यानं छातीशी धरलं हुतं. पुन्याला कधी जायचं, बरं हुईल का, काय न्हाई इचारलं.

"दादा, फोटुत दिसलं न्हवं?"

"दिसलं."

"तू सोता बघितलं न्हवं?"

"बघितलं रं!" मला रडू येत हुतं आन ते रागावाटं भायेर पडत हुतं. "मग तवाच बोलायला काय झालं हुतं तुला?"

"बोललो की. पायात जीव न्हाई म्हनलो हुतो."

खरंच बोलला हुता. माझ्या कानांनी ऐकलं हुतं मी. आई काय आता पुन्हा येनार हाय का? एका लेकाच्या सोबतीविना स्मशानात गेली बिचारी, आन ते पाप माझं.

स्टँडवर आमी बाकड्यावर टेकलो. पाथर्डीची एसटी लागली तरी तो उठला न्हाई. माझी बाही धरून, खाली मान घालून बोलला, "दादा, मग आता तुझ्या मयताला येऊ दे मला. खांदा जमायचा न्हाई. पर सायकल ढकलत येईन, सगळ्यांच्या मागनं."

मी थोरला. भर स्टँडवर, सगळ्यांदेखत, त्याचे पाय धरले.