डावी कळी

आमच्या स्क्वॉडमध्ये एक नियम होता: क्लिप नाही तर किल नाही. म्हणजे गेममध्ये तुम्ही एकट्यानं चौघांना लोळवलं म्हणत असाल, तर रेकॉर्डिंग ग्रुपवर टाका, नाहीतर गप्प बसा. नियम अमरसिंहानं केला होता आणि तो जगातल्या सगळ्या गोष्टींना लावायचा. साद म्हणाला की आज मिसळ झकास मिळाली, तरी हा विचारणार, "क्लिप हाय?"

आम्ही तिघंच. अमर एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. सादचं शाहूपुरीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. आणि मी अनुजा, वडिलांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर लोकांचा क्लच सहन करायचा आणि संध्याकाळी गेममध्ये राग काढायचा, असं माझं आयुष्य. चौथा ज्ञानू होता. त्यानं आपोआप नेम लागणारं हॅक वापरलं, आम्ही स्पर्धेत वर गेलो, आणि अमरला कळल्यावर त्यानं ज्ञानूला तर काढलाच, वर स्वतः स्पर्धेवाल्यांना कळवून आमचा नंबरही घालवला. तेव्हा मी त्याला फोनवर अशा शिव्या घातल्या की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

नमाजाची वेळ झाली की साद मॅच सुरूच करू द्यायचा नाही. "आलो," म्हणायचा आणि माईक बंद. परत आला की अमरची गिरणी सुरू.

"काय म्हणाला मग अल्ला? रँक वाढवतो म्हणाला?"

"मी मागाय जात न्हाय लेका."

"मग कशाला जातोस?"

"मॅच हरल्यावरबी तू आमच्यासंगं बोलत बसतोस. काय मिळतंय तुला?"

"तुमी ऐकू तरी येताय. त्याचं एक प्रूफ दे, उद्यापास्नं मीबी येतो."

"गेमचा सर्व्हर बघितलायस कधी?"

"सर्व्हर डाउन झाला की कळतंय, होता म्हणून. तुझा कधी डाउन होतोय?"

"न्हाय होत," साद शांतपणे म्हणाला. "म्हणूनच तुला कळंना."

तो पॉइंट मी सादला दिला. देव आहे की नाही याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही, पण अमरचं तोंड बंद झालेलं मला आवडतं. शिवाय हा पुराव्याचा पुतळा गेममध्ये बक्षिसाची पेटी उघडायच्या आधी पाण्याच्या टाकीवर चढून आपल्या माणसाला उठाबशा काढायला लावायचा. त्यानं चांगली बंदूक निघते म्हणे. त्याची क्लिप कुणी मागायची नाही!

पण अमरचं हे प्रूफ-प्रूफ कुठून आलं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही फार ताणायचो नाही. त्याचे वडील गणपतकाका छातीत कळ येऊन गेले. त्यांना घाईनं ऑपरेशनला नेलं आणि ते परत आले नाहीत. पूर्णिमाकाकू, म्हणजे अमरची आई, म्हणायच्या की घाईत देवीला विचारायचं राहिलं. अमर म्हणायचा की तू जन्मभर उपास केलेस, त्याचं काय झालं? दोघंही एकाच माणसासाठी रडत होते, पण पाठीला पाठ लावून.

आणि यंदा पावसाळ्यात काकूंच्या छातीत गाठ निघाली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या महिन्यात काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे, लांबवू नका. काकूंनी ऐकून घेतलं, घरी आल्या, कुकर लावला आणि म्हणाल्या, "विठलाईचा कौल घेतल्याबिगर मी त्या टेबलावर झोपणार न्हाय."

त्यांचं गाव राधानगरीच्या पुढं. तिथल्या देवळात कौल लावतात. देवीच्या दगडी मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही.

त्या संध्याकाळी अमरनं गेम सुरू केलाच नाही. माईक तेवढा चालू केला.

"डावी पडली तर आई ऑपरेशन करणार न्हाय," तो म्हणाला. "नाणं उडवाय लागल्यात रे माझ्या आईवर."

मग तो म्हणाला, "साद, डिस्प्ले चिकटवायचा तुझा गम हाय न्हवं? घरच्या पोरानंच कळ्या धुवून गुरवाच्या हातात द्यायच्या असत्यात. आधी उजवी, मग डावी. डाव्या कळीला गम लावला की ती पडत न्हाय. विषय संपला."

"न्हाय देणार," साद म्हणाला.

"का? तुझी देवी हाय व्हय ती?"

"माझी न्हाय म्हणूनच. दुसऱ्याच्या गेमात घुसून हॅक लावाय लागलायस. ज्ञानूनं काय वेगळं केलतं?"

"ज्ञानू गेम खेळत हुता! हितं माझी आई मरंल!"

"आन खोट्या कौलावर ती टेबलावर झोपली, तर कुणाच्या भरवशावर झोपली? तुझ्या गमच्या?"

"गम तरी खरा हाय!" अमर ओरडला. "हात लावून बघता येतोय!"

मी साफ सांगते, मी गमच्या बाजूची होते. बाई जगली पाहिजे, मग देवीला काय वाटायचं ते वाटू दे. तसं मी बोलूनही दाखवलं. साद म्हणाला, "तुमी दोघं म्हणताय ते मला कळतंय. पण काकूंच्या मनातलं तुमाला कळलंय, ह्याचं काय प्रूफ हाय तुमच्याकडं?" मला वाटलं, हा उगाच शब्दात पकडतोय. त्याच्यावर चिडून मी हेडफोन काढून ठेवला.

रविवारी ट्रेनिंग स्कूलची गाडी घेऊन मी त्यांच्या दारात गेले. "मी येतो गाडी घेऊन," असं काकूंना आधीच सांगितलं होतं. कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी कानात बोटं घालावीत. साद आधीच मागच्या सीटवर बसलेला. भांडण झालं तरी तो येणार हे मी गृहीतच धरलं होतं. काकू नव्या हिरव्या साडीत, मांडीवर ओटीची पिशवी. अमर माझ्या शेजारी, शिकवणाऱ्याच्या सीटवर, जिथं दुसरा ब्रेक असतो. वाटेत धरणाकडून येणारा प्रत्येक ट्रक दिसला की हा आपला ब्रेक दाबतोय. शेवटी मी म्हटलं, "पाय काढ, न्हाईतर उतरून चालत ये." काकू हसल्या. अमर हसला नाही. त्याच्या पँटच्या खिशात गमची नळी होती, बाजारातून नवीन आणलेली. ती मला दिसत होती.

देऊळ बारकं, कौलारू, चहूबाजूंनी भाताची खाचरं. बारीक पाऊस सुरू होता. गुरव जोतीरामतात्या काकूंना ओळखत होते. साद पायरीपाशीच थांबला, तर ते म्हणाले, "पावणं, चिखलात कशाला हुबं ऱ्हाताय? आत या की, सोप्यात बसा." साद ओसरीसारख्या त्या सोप्यात टेकला.

अमर नळावर कळ्या धुवायला गेला. परत आला तेव्हा त्यानं आधी उजवी कळी तात्यांच्या हातात दिली, मग डावी. तात्यांची नजर अधू. त्यांनी देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या, पाणी शिंपडलं आणि काकूंना म्हणाले, "मनातलं गाऱ्हाणं मनातच घाल. माझ्या तोंडून नुसती हाक जाईल." मग त्यांनी खड्या आवाजात देवीला हाक मारली: लेक दारात आली आहे, तिच्या मनात जे आहे त्याचा निवाडा कर.

काकूंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. एवढं काय विचारतात, असं मला वाटलं. करू का नको, एवढंच तर विचारायचं होतं.

मग आम्ही बघत बसलो. डावी कळी पडणार नव्हतीच. पण उजवीही पडेना. अमरच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. गेममध्ये वाढलेला गडी. त्याला वाटलं, 'नाही'चा रस्ता बंद केला की 'हो' आपोआप येतं. कौलांवर पाऊस वाजत होता, समईची वात दोनदा सारून झाली, आणि दोन्ही कळ्या जिथल्या तिथं. तात्यांनी पुन्हा हाक घातली.

"देवी बोलंना बाई," तात्या शेवटी म्हणाले. "असं कधी झालं न्हाय."

काकू उठल्या. मला वाटलं, झालं, आता ऑपरेशन गेलं. त्या पुढं गेल्या आणि मूर्तीसमोर हात पसरून मोठ्यानं बोलल्या.

"का बोलंनास आई? माझं मी काय मागितलंय का? मी टेबलावर झोपणारच हाय, ते डॉक्टर काय करायचं ते करतील. माझं काय वंगाळ झालं तर माझ्या पोराला पदरात घेशील का, एवढंच इचारलं न्हवं? बाप न्हाय त्याला. एकटा पडंल. तुला मानत न्हाय म्हणून राग धरलास व्हय त्याच्यावर? लेकरू हाय गं ते."

मी अमरकडं बघूच शकले नाही. ऐकू मात्र आलं. आधी नाक ओढल्यासारखं काहीतरी, आणि मग, "आई, डावी कळी पडणार न्हाय. मी गम लावलाय."

तात्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते ताडकन उठले. "गम? देवीला गम? आरं, तुझ्या आज्जापास्नं..." आणि ते मूर्तीकडं धावले.

काकू मात्र ओरडल्या नाहीत. "कशापायी केलंस?"

"डावी पडली तर तू ऑपरेशन करणार न्हाईस म्हणून."

"मी कवा न्हाय म्हटलं ऑपरेशनला? कौल घिऊन जाणार म्हटलं."

"तू इचारलंच न्हाईस मला, काय मागणार हाईस ते!"

"तू तरी इचारलंस का?"

मला माझाच राग आला. मीही त्या बाईच्या मनातलं तिच्याच घरात चहा पिताना एकदाही विचारलं नव्हतं.

तात्या नखानं कळी ओढत होते आणि ती तुटत होती. तेव्हा सोप्यातून सादचा आवाज आला. "तात्या, ओढू नका. समईतलं तेल लावा, जरा मुरू द्या, आन मग दोऱ्यानं कापत न्या. निघंल सगळं." तात्यांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, जणू गम त्यानंच आणला होता. मग ओटीतला दोरा घेऊन त्यांनी तसंच केलं. डाग राहिला नाही. देवीला पाणी घातलं, पुसून घेतलं. तात्या काकूंना म्हणाले, "पुन्यांदा लावू?"

"लावा. पर गाऱ्हाणं हा घालंल."

अमर हडबडला. "मला येत न्हाय."

"येतंय तसं घाल."

नव्या कळ्या लागल्या. अमर मूर्तीसमोर हात कुठं ठेवायचे ते न कळून उभा राहिला. एकदा खिशात घातले, काढले, शेवटी जोडले. मनात बोलायचं असतं हे तो विसरला, की त्याला ते जमलंच नाही, कोण जाणे. तो मोठ्यानं बोलला.

"मला पदरात-बिदरात घिऊ नको. मी करतो माझं. हिला तेवढी परत आण. मला हिच्याबिगर ऱ्हायला येणार न्हाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी देवीला हात जोडले, तात्यांच्या पाया पडल्या, लेकाच्या पाठीवर एक जोरात धपाटा घातला आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसल्या.

मीही गेले. गाडी चालू केली, वायपर लावला. काकूंनी डबा उघडून मला चपातीचा घास दिला. त्यांचा चेहरा असा निवांत होता की मला रडू यायला लागलं आणि मी ते चपातीबरोबर गिळलं. अमर येईना. त्याला बोलवायला साद आत गेला, तर तोही येईना. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. शेवटी वैतागून इंजिन बंद केलं आणि दोघांना कान धरून आणायला म्हणून निघाले.

अमर मूर्तीसमोर मांडी घालून बसला होता. साद त्याच्या मागं सोप्याच्या उंबऱ्याशी. दोघांची नजर उजव्या कळीवर. ती किंचित सरकली होती. देठाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. मी म्हटलं, "चला की रे." आणि मीच अमरच्या शेजारी खाली बसले.

"पडली काय?" गाडीतून काकूंनी विचारलं.

"न्हाय अजून," अमर म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे. या लौकर. मी जाणार हाय म्हटलं न्हवं? डॉक्टरला फोन करून तारीख घ्यायची हाय."

आमच्यातलं कुणीच जागचं हललं नाही.