न घेतलेले सलाम

मालामीनने पळायला सुरुवात केली, तेव्हा सुकैनाला आधी बरंच वाटलं. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला चांगला दम भरला होता. योफ गावच्या समुद्रकाठच्या वाळूवर संध्याकाळी अर्धी वस्ती व्यायामाला लोटते, त्यात आपलाही नवरा घाम गाळतोय याचा तिला अभिमानच होता. पण थोरल्या लेकीने सासरहून बापासाठी काडेपेटीएवढा गाणी वाजवणारा प्लेअर पाठवला आणि सुकैनाच्या डोक्याला ताप झाला.

दोन्ही कानांत प्लेअरची बोंडं खुपसून मालामीन निघायचा, तो नाकासमोर. कोणी सलाम केला तरी याला पत्ता नाही. आणि योफमध्ये तब्येत, मुलंबाळं, सासुरवाडी यांची चौकशी न करता पुढे जाणारा माणूस एक तर रागावलेला असतो, नाहीतर भ्रमिष्ट. लोक एकेक करून सुकैनाकडे येऊ लागले. कोपऱ्यावरच्या मासेवालीने विचारलं, आमचं काही चुकलं का? शिंप्याने दबक्या आवाजात एक झाडपाला देणारा म्हातारा सुचवला. ते गाणी ऐकतात हो, असं सांगून सांगून तिची जीभ झिजली. नवऱ्याला बोललं की तो "हो, हो" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी वस्तीतले म्हातारे दौदा न्दोय दुखावले. या दोघांचं लग्न त्यांनीच जुळवलेलं. तुमच्या नातवाच्या बारशाला मी येणार नाही, असा त्यांनी निरोप धाडला. सुकैना वडीलधाऱ्यांना मान म्हणून देतात त्या कोलाच्या बिया घेऊन त्यांच्या पाया पडायला गेली.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "मी मेलोय असं समजून तो माझ्यासमोरून पळत गेला."

दुसऱ्या दिवशी तिने ओढणी कमरेला खोचली आणि नवऱ्याच्या मागे पळत सुटली. तो पुढे, ही मागे, धापा टाकत सगळ्यांना उत्तरं देतेय: सुखरूप, पोरं सुखरूप, तुमच्याकडे काय? कित्येक दिवस त्याला ते कळलंही नाही. एकदा बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि ही त्याच्यावर आदळली.

"तू इथे काय करतेस?"

"तुमचे सलाम गोळा करतेय."

मालामीन वाळूत मटकन बसला. "बसस्थानकावर आयुष्यभर ओरडून गाड्या भरल्या," तो म्हणाला. "घरी आलो की तू. दिवसातून थोडा वेळ मला कोणी काही विचारू नये, एवढंच मागतोय."

तिला कीव आली, पण क्षणभरच. "मग होडी घ्या आणि समुद्रात जा. माणसांतून पळायचं तर माणसांचं ऐकावं लागतं."

एक कान उघडा ठेवायचा, असं ठरलं. मालामीनने शब्द पाळला, आणि इथेच घोळ झाला. आता तो प्रत्येकापाशी थांबू लागला. दौदांचा रुसवा गेला, ते बारशाला आले, पोटभर जेवले. पण मग मालामीन रोज त्यांच्या ओट्यावर बसून पाकासारख्या गोड चहाच्या, तिथल्या रीतीच्या तिन्ही फेऱ्या घेऊ लागला. पळणं राहिलं ओट्यापर्यंत. घरी भात सुकून खडखडीत. पुढच्या तपासणीत साखर पहिल्याहून वर, आणि डॉक्टर ओरडले ते सुकैनावर: घरात लक्ष देत नाही का?

त्या संध्याकाळी तिने दारातच त्याच्या दोन्ही कानांत बोंडं दाबून बसवली आणि त्याला रस्त्याकडे ढकललं. मग ती आधी दौदांकडे गेली.

"काका, आजपासून ते तुम्हाला ओळख दाखवणार नाहीत. त्यांचे सलाम मला करा."

म्हाताऱ्याने भुवया वर केल्या. "म्हणजे तुलाही रोज पळणं आलं."

"आलंच की," ती वैतागून म्हणाली आणि ओढणी खोचत धावत सुटली, कारण मालामीन एव्हाना होड्यांच्या पलीकडे पोचला होता आणि मासेवाली त्याला हाका मारत होती.