राबातली पिलं

अठ्ठावन्न सालचा चैत्र. मुळशीच्या धरणावरच्या वाडीत भाताचे राब भाजायला सुरुवात झाली होती. रोपासाठी राखलेल्या जमिनीवर शेण, तोडलेल्या डहाळ्या, पाला आणि गवत थरावर थर रचायचं, वर माती पसरायची आणि चांगलं वाळलं की पेटवायचं. सगुणाबाईच्या घरचा राब मात्र रामनवमीच्या कीर्तनांपायी मागं राहिला होता. गॅसबत्तीच्या उजेडात बुवा उभे राहिले की ही बाई देवळातून हलायची नाही, आणि तिच्यामागं नवरा कुशाबाही तिथंच.

त्या सकाळी ती चुलीपुढं बसून रात्रीची चाल गुणगुणत होती. एवढ्यात तिची पिवळी मांजर, सोनकी, आत आली. सोनकी नुकतीच व्याली होती. पिलं कुठं घातली ते काही कळलेलं नव्हतं, आणि सगुणाबाईनंच घरात बजावून ठेवलं होतं, "डोळं उघडंस्तवर पिलांवर मानसाची नजर पडाया नगं. हुडकायचं न्हाई, नि दिसली तरी बोलायचं न्हाई."

सोनकी दूध चाटू लागली. सगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थबकला. केसांत वाळक्या शेणाचा भुगा होता. शेपटीला ऐनाच्या पानाचा तुकडा अडकला होता. ऐनाच्या डहाळ्या सगुणाबाईनं स्वतः रानातून डोक्यावर वाहून राबावर टाकल्या होत्या.

तव्यावरची भाकरी तशीच सोडून ती पळत सुटली.

बांधावर चढली तोवर राबाच्या खालच्या टोकाला धूर निघाला होता. कुशाबा पेटता पेंढा घेऊन कडेकडेनं लावत होता. शेजारचा हैबतराव ओल्या डहाळीनं जाळ आवरत होता.

"अवं, थांबा! सोनकीची पिलं राबात हायती!"

कुशाबानं हातातला पेंढा खाली टाकून पायानं विझवला. त्याचा चेहरा पार उतरला. "अगं, मी बघितली हुती तिला हितं शिरताना. पर तूच म्हनलीस, बोलायचं न्हाई. मला वाटलं, मांजराची जात, कवाच हलवली असतील."

"कुटं शिरली?"

"वरच्या अंगाला, बांधाच्या कडंनं. नेमकी जागा न्हाई ध्यानात."

सगळा राब उपसावा तर वारा आत शिरून भडका उडणार. न उपसावा तर जाळ सरकत वर येणारच. हैबतरावाला मात्र थट्टा सुचली.

"वयनी, रातच्याला बुवांनी काय सांगितलं? कुंभाराच्या पेटल्या भट्टीत द्येवानं मांजराची पिलं राखली. मग बसा की नाम घेत!"

"त्या कुंभाराची भट्टी चारी अंगांनी पेटली हुती, भावजी. माजा निम्मा राब अजून थंड हाय. फावडं घ्या, मदीच आडवा चर पाडा."

"राब मोडला तर रोप पिवळं पडंल, सांगून ठिवतो."

"पडू द्या!"

दोघांनी चर पाडायला घेतला. पाला बाजूला ओढला, खालची माती उघडी केली. पण धरणावरून वारा फिरला आणि ठिणग्या चर ओलांडून पलीकडं पडल्या. वरच्या अंगालाही धूर निघू लागला. तेवढ्यात सोनकी बांधावर आली. माणसं बघून अंग चोरून बसली. पुढं येईना, मागं जाईना.

सगुणाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "कुनी हलू नगा. पाठी फिरवा."

"जाळाकडं पाठ?" हैबतराव म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"फिरवा म्हनते न्हवं!"

तिघंही पाठमोरी झाली. मागं गवत तडतडत होतं. मानेला धग लागत होती. सगुणाबाईचे ओठ नाम घेत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग बांधाच्या कडेला खसखस झाली. तिनं नुसती मान वळवली. सोनकी एका भोकातून बाहेर येत होती, तोंडात पिलू. तिनं ते बांधापलीकडं ठेवलं आणि पुन्हा आत गेली. दुसरं आणलं. परत आत गेली.

या खेपेला ती बाहेर येईना.

जाळ भोकाशी येऊन ठेपला होता. सगुणाबाई धावली, पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आतून नखं मनगटात रुतली. तिनं हात मागं घेतला नाही. मानगूट हाताला लागली, तशी ओढली. सोनकी बाहेर आली, आणि तिच्या तोंडात तिसरं पिलू लोंबत होतं. कुशाबानं बायकोला मागं खेचलं आणि ती जागा भसकन पेटली.

पिलू निपचित होतं. सोनकीनं ते खाली ठेवलं आणि जोरजोरानं चाटू लागली. तिघंही वाकून बघत राहिली. बऱ्याच वेळानं एक बारीकसा, चिडका आवाज आला.

"पांडुरंगा," सगुणाबाई म्हणाली. मनगटातून रक्त ओघळत होतं.

कुशाबानं डोक्याचा पटका सोडून तिच्या हाताला गुंडाळला. राब मधोमध मोडला होता. तिथं रोप नीट येणार नव्हतं. त्यानं तिकडं एकदा पाहिलं आणि पटक्याची गाठ मारली.

हैबतराव आपला राहिलेला राब पेटवायला शेताकडं गेला. पण तिकडून धूर काही निघेना. कुशाबानं टाचा उंचावून बघितलं. हैबतराव काठी घेऊन आपला राब कडेकडेनं ढोसत चालला होता.

"काय घावलं का?" कुशाबानं हाक दिली.

"एक मुंगूस पळालं!" पलीकडून आवाज आला. "अजून निम्मा राब हाय. वयनीला म्हनावं, माजी समदी सकाळ गेली!"