करंडीवरची नावं

सिंधूने पदराच्या टोकाने पाटी पुसली आणि सकाळपासून तिसऱ्यांदा तिच्यावर 'अ' काढला.

"अ अननसाचा. म्हण."

"अननस कसला असतोय गं, आये?" छबूने विचारलं.

सिंधूने अंकलिपीतल्या चित्राकडे पाहिलं. अंगभर खवले आणि डोक्यावर शेंडी असलेलं ते फळ तिनेही जन्मात पाहिलं नव्हतं.

"असतंय एक. तू गिरव मुकाट्यानं."

सहा वर्षांची छबू गिरवायला लागली, पण तिचं लक्ष बांधावरच्या शेळीकडे. सिंधूचं लक्ष तरी कुठे थाऱ्यावर होतं? तिच्या डोक्यात दसरा घुमत होता, आणि दसऱ्याला फक्त तीन महिने उरले होते.

ही अंकलिपी मोहनरावांनी आणलेली. मोहनराव हे सिंधूचे थोरले दीर, बारामतीला कचेरीत कारकून. आखाडात ते कळंबजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा भाकरी खाता खाता धाकट्या भावाला म्हणाले होते, "कुंडलिक, शाळा इथून तीन मैल. मध्ये पाट, दोन्ही अंगांना ऊस. पोर एकटी जाणार कशी? आमच्याकडे राहू दे." सिंधू थोरल्या दिरांसमोर कधी बोलत नसे, पण त्या दिवशी दाराआडून बोलून गेली, "मी शिकवते की घरी."

मोहनराव हसले. "बरं. दसऱ्यापर्यंत वाचायला लावा. मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ सिंधूने आपल्या सोयीने घेतला. पोर वाचायला लागली की ती आपल्यापाशी राहणार, असं तिने धरून टाकलं. मोहनरावांना मूलबाळ नव्हतं. जाऊबाई मायाळू होत्या, आणि सिंधूला भीती होती ती त्या मायेचीच. एकदा त्या घरात रुळली की छबू इथे येईल ती पाहुणी म्हणून.

पण शिकवायचं कसं? सिंधू स्वतः माहेरी, पळसदेवला, दुसरीपर्यंत शिकलेली. तिला छडी आठवत होती, अक्षरं डोक्यात कशी शिरली ते आठवत नव्हतं. महिन्याभरात छबू 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत गाण्यासारखं म्हणू लागली. मात्र मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं की ती पुन्हा 'अ'पासून गाणं सुरू करी आणि गात गात त्या अक्षरापाशी पोचे. सिंधूला हसावं की रडावं कळेना. भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबे आणि तवा धुरावे.

बुधवारी चाँदभाईंची बैलगाडी आली. ते वस्त्यावस्त्यांवरची वांगी-गवार गोळा करून बारामतीच्या बाजारात नेत, आणि भवानीनगरला साखर कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथेही देत. रिकाम्या करंड्या ज्याच्या त्याला परत येत. करंडीवर डांबराने मालकाचं नाव घातलेलं असे. चाँदभाईंनी ढिगातून नेमक्या यांच्या दोन करंड्या काढून अंगणात टाकल्या.

"चाँदभाई, तुमाला वाचता येतंय व्हय?" सिंधूने विचारलं.

"न्हाय वैनी. अक्षरं येत न्हाईत, नावं येत्यात. माणूस वळखायला आपण त्येचं नाक-डोळं मोजतो का? तसंच हाय."

एवढ्यात छबूने गाडीत शिरून, खाली दबलेली आणखी एक करंडी ओढून काढली. "ही बी आमचीच. ह्येच्यावर बा हाय." खरंच, तिच्यावर 'कुंडलिक' लिहिलेलं होतं.

त्या दुपारी सिंधूने अंकलिपी फळीवर टाकली आणि चुन्याची वाटी घेऊन घरभर फिरली. मडक्यावर 'मडकं', जात्यावर 'जातं', सुपावर 'सूप', दारावर 'दार'. कुंडलिक संध्याकाळी रानातून आला आणि बघतच राहिला.

"माझ्या पाठीवर बी लिव्ह," तो म्हणाला, "न्हायतर पोर बापाला वळखायची न्हाय."

आठ दिवसांत छबू सगळं घर वाचू लागली. सिंधूला आभाळ ठेंगणं झालं. मग तिने पाटीवर 'मका' लिहून पुढे धरला.

"मडकं," छबू ठणकावून म्हणाली.

सिंधूने पाटी खाली ठेवली. पोर वाचत नव्हती, नुसती चेहरे ओळखत होती. मागं फिरून गाणं म्हणवावं, की आणखी चार वस्तूंना चुना फासावा? दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. शेवटी चिडून ती मडक्यासमोर बसली आणि पहिलं अक्षर सोडून बाकीच्या नावावर तिने पंजा ठेवला.

"आता काय उरलं?"

छबूने मान वाकडी केली. "म."

"आन् ह्या मक्यातलं झाकलं तर?"

"म. आये, ह्यो त्योच हाय!"

मग तो खेळच झाला. झाकायचं, उघडायचं, तुकडा तुकडा जोडायचा. सिंधूने अंकलिपी फळीवरून परत खाली काढली. भादवा सरता सरता एकदा चाँदभाईंच्या गाडीपाशी उभ्या छबूने एका करंडीवर पंजा ठेवला, हळूहळू सरकवला आणि विचारलं, "झुंबर कोण हाय?" ते नाव या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. सिंधूने पिठाच्या हातांनीच तिला जवळ ओढलं. आता पोर कुठे जात नाही, असं तिला वाटलं.

दसऱ्याला मोहनराव सोनं घेऊन आले. छबूने त्यांच्यासमोर अंकलिपीतले सगळे धडे न अडखळता वाचले.

"अशी पोर वस्तीवर ठेवायची नाही," ते म्हणाले. "खरंच वाचत असेल तर उद्याच नेतो. हेडमास्तर ओळखीचे आहेत, थेट दुसरीत बसवतो. पण पुस्तक घरात तीन महिने पडलंय. पाठ झालं असेल, तर वर्षाच्या मध्येच शाळेत कोणी घ्यायचं नाही. मग जूनला बघू."

सिंधू दाराआड ऐकत होती. याचसाठी का तिने तीन महिने जिवाचा आटापिटा केला होता?

कुंडलिकने एकदा दाराकडे पाहिलं. थोरल्या भावाशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "पाठच असंल, दादा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिच्या आयचंच शिक्षण दुसरी."

"मलाही तेच वाटलं." मोहनरावांनी पुस्तक मिटलं.

"पाठ न्हाय," छबू म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिचे डोळे भरून आले. "आये, सांग की. पाठ न्हाय ना?"

सिंधूने नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. थोरल्या दिरांसमोर गप्प राहणं तर रीतच होती. आठ महिने पोर जवळ राहिली असती. पण छबू एकटक दाराकडे बघत होती.

पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने सकाळी आणून दिलेली चिठ्ठी कुडाच्या भिंतीत तशीच खोचलेली होती. सणाच्या गडबडीत ती कुणी उघडलीही नव्हती. सिंधूने ती काढली, पदर पुढे ओढला आणि बाहेर येऊन छबूच्या हातात दिली.

"ही वाच. ही कुणीच वाचली न्हाय अजून."

छबूने डोळे पुसले. चिठ्ठी मांडीवर पसरून तिने अक्षरांवर पंजा ठेवला आणि हळूहळू सरकवला.

"मं... गळ... मंगळवारी. सकाळी. पाट... सुटेल. चारी... साफ... ठेवावी." तिने मान वर केली. "बा, चारी साफ करायचीय."

मोहनरावांनी चिठ्ठी मागून घेतली आणि स्वतः वाचून पाहिली. मग ती नीट घडी करून भावाच्या हातात दिली. कुंडलिक बायकोकडे बघत राहिला.

"हिचे कपडे बांधून ठेवा," मोहनराव हलक्या आवाजात म्हणाले.

"मंगळवारी पाणी येतंय, दादा," सिंधू म्हणाली. "तिला पाट भरताना बघायला आवडतं. बुधवारी न्या."

छबू तोवर खोरं ओढत रानातल्या पाण्याच्या चारीकडे निघालीसुद्धा होती.