झुकलेल्या भिंतीचा ओळंबा

चारशे ग्रॅम पितळ, दहा फूट दोरी आणि लाकडाची एक गट्टी, एवढाच मी; गवंड्याच्या पिशवीतला जुना ओळंबा. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल. माझं काम सांगतो. गट्टी भिंतीच्या माथ्याला टेकवायची आणि मला दोरीने खाली सोडायचं. गट्टीची रुंदी माझ्याएवढीच असते, त्यामुळे भिंत सरळ असेल तर मी तळाशी तिला जेमतेम स्पर्श करतो. भिंत माझ्या अंगावर झुकली असेल, तर तळाशी तिच्यात आणि माझ्यात फट पडते. ती फट म्हणजे भिंतीचा दोष.

जालन्यातल्या एका लेथवर मला कातलं. राजाराम गवंड्यांनी मला पस्तीस वर्षं वापरलं. दोरीचा झोका थांबल्याशिवाय ते कधी माप घेत नसत. घाई करणाऱ्या मजुराला म्हणत, "अरे, त्याला उभं तर राहू दे!" मी दाखवलं म्हणून त्यांनी स्वतः बांधलेल्या दोन भिंती स्वतःच्या हातांनी उतरवल्या होत्या. त्या दिवसांचा मला अभिमान आहे.

त्यांची मुलगी प्रीता स्ट्रक्चरल इंजिनियर झाली आणि टेक्सासला, शुगर लँडला आली. वडिलांच्या मागे तिने मला बॅगेत घालून इकडे आणलं. इथे लेझरने मोजतात. त्यामुळे बरीच वर्षं मी तिच्या टेबलावर कागद दाबायला होतो. ती मला पुसायची, पण काम नव्हतं.

काम दिलं ते बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याने. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा एक जुना हॉल आहे. दर रविवारी प्रीता तिथे मुलांना शिकवायची. एका रविवारी तिने मला दारावर टांगलं आणि मेंढरं राखणाऱ्या आमोसाला दिसलेले तीन दृष्टांत सांगितले. आधी टोळधाड दिसली. आमोसाने रदबदली केली, हे लोक लहान आहेत, कसे टिकतील, म्हणून. आणि देवाने शिक्षा मागे घेतली. मग आग दिसली. पुन्हा रदबदली, पुन्हा माफी. तिसऱ्यांदा देव ओळंबा धरून भिंतीपाशी उभा दिसला. या वेळी आमोस काही मागत नाही.

आन्या नावाची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, बट व्हाय? थर्ड टाइम त्याने आस्क का नाही केलं?"

"पुढच्या रविवारी सांगते," प्रीता म्हणाली.

हॉलच्या मागे विटांची आठ फुटी भिंत होती. भिंतीपलीकडे मार्ता राहायची. होंडुरासहून आलेली, लोकांची घरं साफ करणारी बाई. तिचं ट्रेलरचं, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेलं घर आणि भिंत यांच्यामध्ये सहा फुटांचं अंगण होतं. तिथे ती कपडे वाळत घालायची. मंडळीच्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी तुंबायचं, म्हणून कमिटीने अडीच फूट भराव टाकून जमीन उंच केली. पाणी तुंबायचं थांबलं. मात्र भिंत कुंपणासाठी बांधलेली होती, मातीचा रेटा पेलायला नव्हे. ओला भराव तिला पलीकडे, मार्ताच्या अंगणाकडे, ढकलू लागला.

ऑक्टोबरमध्ये शहराच्या कचेरीतून नोटीस आली: भिंत उतरवा, नाहीतर इंजिनियरचं पत्र द्या. कमिटीचे अध्यक्ष रवीकाका तेलकंपनीतून निवृत्त झालेले. ते प्रीताला म्हणाले, "अगं, आपल्याच घरात इंजिनियर असताना बाहेर कशाला जायचं? तू बघ एकदा."

हॉलच्या बाजूने सोडलं, तर मी भिंतीच्या पोटावरच टेकत होतो. म्हणून प्रीता मला घेऊन पलीकडे गेली. मार्ताने स्वतःहून शिडी धरली. फट पाऊण इंच.

"वाईट आहे का?" मार्ताने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"लक्ष ठेवावं लागेल," प्रीता म्हणाली.

"लक्ष मी रोज ठेवते. रोज इथेच असते." मार्ता हसली. तिने प्रीताला लिंबाचं सरबत दिलं.

रवीकाका म्हणाले, "भराव काढायचा म्हणजे पार्किंग दोन महिने बंद. नाताळ तोंडावर आलाय. आपली मंडळी केवढी, तीस घरं! तू थोडी रदबदली कर ना. आमोसासारखी." शेवटचे शब्द ते हसत म्हणाले, पण प्रीताला ते लागले. तिने पत्र लिहिलं: मंडळी लहान आहे, तातडीचा धोका नाही, मुदत द्यावी. खाली सही आणि शिक्का. मुदत मिळाली.

मित्रांनो, यानंतर त्यांनी काय केलं ते ऐका. दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी नावांची यादी वाचतात. आजारी कोण, नोकरी गेलेलं कोण. त्या यादीत त्यांनी भिंत घातली. "प्रभू, आमची भिंत सांभाळ." तीस घरं डोळे मिटून आमेन म्हणायची. कंत्राटदाराला एकानेही फोन केला नाही. प्रार्थना चालू आहे, म्हणजे काम चालू आहे, असं सगळ्यांना खरोखर वाटत होतं. मार्ताचं नाव त्या यादीत कधीच नव्हतं.

जानेवारीत फट दीड इंच. शिडी मार्तानेच धरली. प्रीता तिला म्हणाली, "कपडे दुसरीकडे वाळत घाला."

"दुसरीकडे कुठे?" मार्ताने विचारलं. दुसरीकडे तिचं दार होतं आणि दारापुढे रस्ता.

"ईस्टरपर्यंत," रवीकाका म्हणाले. "शेवटचं. प्रॉमिस." प्रीताने दुसरं पत्र लिहिलं. दीड इंच हा आकडा तिने त्यात खरा लिहिला. तिने कधीच खोटा आकडा लिहिला नाही. आकड्याखाली तेच वाक्य होतं: मंडळी लहान आहे.

मे महिन्यात फट तीन इंच आणि तळाशी बोट जाईल एवढी भेग. प्रीता शिडीवरून उतरली आणि मला घेऊन तडक रवीकाकांकडे गेली.

"नाही काका. आता मी काही मागणार नाही."

"म्हणजे मंडळीविरुद्ध रिपोर्ट देणार?"

"भिंतीविरुद्ध देते."

"वा! मग ऑस्टिनलाही मराठी मंडळी आहे म्हणे. तिथे जाऊन शिकव. इथली पोरं आम्ही बघू."

तिने रिपोर्ट दिला. कचेरीने कमिटीला दहा दिवस दिले. मार्ताला सगळं समजावून सांगायचं म्हणून प्रीताने शनिवार ठरवला. तोवर आठवडाभर ती दुसऱ्या कामाच्या साइटवर होती. सहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, चार तासांत पाच इंच पाऊस झाला. मार्ता दोरीवरचे कपडे ओढून घ्यायला बाहेर आली होती, तेव्हाच भिंत तिच्या अंगावर कोसळली.

ती वाचली. उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

रविवारी मंडळीत उपकारस्तुती झाली. "भिंत आपल्या बाजूला पडली नाही," रवीकाका म्हणाले. "आणि गुरुवार होता. मुलं नव्हती." लोक रडले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

मार्ताने कमिटीवर दावा लावला. आता मी पुरावा म्हणून एका वकिलाच्या कपाटात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, दोरी गुंडाळलेली, वर नंबर चिकटवलेला. महिन्यापूर्वी प्रीताची साक्ष झाली तेव्हा मला टेबलावर ठेवलं होतं. समोर चाकाच्या खुर्चीत मार्ता होती, शेजारी तिचा दुभाषी. कमिटीच्या वकिलाने प्रीताला आधीच सुचवलं होतं, की 'नीट आठवत नाही' म्हणायला हरकत नाही.

मार्ताच्या वकिलाने विचारलं, "भिंत झुकते आहे, हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"तिन्ही वेळा तुम्ही मोजलंत. कुठे उभं राहून?"

दुभाषी मार्ताच्या कानाशी पुटपुटत होता. तो थांबेपर्यंत प्रीता थांबली.

"यांच्या अंगणात," ती म्हणाली. "शिडी यांनी धरली होती. माझ्या दोन्ही पत्रांत यांच्याबद्दल एक शब्द नाही."

मार्ताने मान वर केली नाही. प्रीताला क्षमा मागायची होती. वकिलाने हाताने खूण करून तिला थांबवलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मला तसलं काही मागायचं नाही. मला वितळवलंत तरी चालेल. एवढंच मागतो, की कुणासाठी रदबदली करायला उभे राहाल, तेव्हा ज्याच्या अंगावर भिंत झुकली आहे त्याचं नाव आधी घ्या. ते नाव घेतल्यावर मुदत मागायला तोंड उघडलं, तर खुशाल मागा.