एक कार्ड येणं बाकी

एकतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. अकरा ओळींचं पत्र. मला ते पाठ आहे, पण त्यात कौतुकाचं काही नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ सारखी जाते, तसं ते. आता त्याबद्दल लिहायला बसलोय, तेही धड जमेल याची खात्री नाही. मला सहसा कशाचीच खात्री नसते. आयुष्यात एकदाच होती.

मी शास्त्र आणि कलांच्या एका मोठ्या कोशाच्या कचेरीत साहाय्यक संपादक होतो. माझ्याकडे सुट्या अक्षरांचं खातं होतं. ए, बी, सी ही अक्षरं शब्दात न बसता एकेकटी वापरली जातात, तेव्हा कुठे कोणता अर्थ घेतात, त्याच्या नोंदी मी लावायचो. ‘पी’ म्हणजे रसायनवाल्यांचा फॉस्फरस, भौतिकीवाल्यांचा संवेग, आणि वाद्य वाजवणाऱ्याला सूचना, की हळू आवाजात वाजव. ‘एफ’ म्हणजे फ्लोरिन, म्हणजे वारंवारता, म्हणजे जोरात वाजव. ‘के’ म्हणजे पोटॅशियम, ज्याच्या नावात ‘के’ औषधालाही नाही. मला हे काम फार आवडायचं. मी एकटा राहणारा माणूस. अक्षर एकटं असूनही इतक्या घरी त्याला पाट मांडलेला असतो, याचा थोडा हेवाच वाटायचा.

मी प्रत्येक नोंदीवर शंका काढायचो. वाक्य पूर्ण होऊ देत नाही म्हणून छापखान्यातल्या लोकांनी माझं नाव ‘स्वल्पविराम’ ठेवलं होतं. पुढे कचेरीतही तेच झालं.

संगीतातले अर्थ लिहायला बाहेरच्या एक बाई होत्या. एका शाळेत हंगामी नोकरीवर व्हायोलिन शिकवायच्या. दर गुरुवारी बिस्किटाच्या डब्यातून नोंदी लिहिलेली कार्डं घेऊन यायच्या आणि माझ्या टेबलावर डबा ठेवून म्हणायच्या, “घ्या संपादकमहाशय, ताजी आहेत.” मी साधा साहाय्यक, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा ‘सी’च्या नोंदीवरून आमचं वाजलं. स्वरलिपीच्या ओळीच्या सुरुवातीला ताल सांगणारी जी ‘सी’सारखी खूण असते, ती ‘सी’ नाहीच म्हणाल्या. ते अर्धवट राहिलेलं वर्तुळ आहे.

“पण दिसतं तर ‘सी’सारखंच,” मी म्हणालो.

“तुम्हीसुद्धा संपादकासारखेच दिसता की!”

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. त्या वयात मला हसवणारं दुसरं कोणी नव्हतं, हे लिहायला आता हरकत नाही.

चूक झाली ती पहिल्या खंडाच्या शेवटच्या दिवशी. छापखाना आमच्यामुळे दोन आठवडे अडून बसला होता. मुख्य संपादकांनी मला सकाळीच दम भरला होता, “स्वल्पविराम, आज एक जरी प्रश्न विचारलात तर कागदाऐवजी तुम्हालाच यंत्रात घालीन.” दुपारी ‘बी’ अक्षराचं पान तपासायला आलं. त्यात बाईंचं वाक्य होतं : काही देशांत सातव्या स्वराला ‘एच’ म्हणतात आणि त्याच्या अर्धी पायरी खालच्या स्वराला ‘बी’. मी ‘एच’पाशी थांबलो. स्वरांची अक्षरं ‘ए’पासून ‘जी’पर्यंत, सातच. हे तर मला पाठ होतं. ‘एच’ येईल कुठून? छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक, दुसरं काय.

कार्डांचं कपाट माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर होतं. शाळेत फोन केला असता तर बाईंनाही विचारता आलं असतं. पण त्या वर्गात असतील, उगाच शिपाई पाठवून बोलवावं लागेल, असं मनात आलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एकदा तरी न विचारता पान पुढे सरकवून दाखवायचं होतं. मी हिरव्या शाईने ‘एच’ खोडून ‘बी’ केलं. पुढचं वाक्य वाचलंही नाही.

खंड निघाला. काही देशांत सातव्या स्वराला ‘बी’ म्हणतात आणि त्याच्या अर्धी पायरी खालच्या स्वराला ‘बी’, असं त्यात छापलेलं होतं. नोंदीखाली नाव बाईंचं. आमच्याकडे तपासणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसत, आणि लिहिणाऱ्याला छपाईआधी पान दाखवत नसत. रविवारच्या पुरवणीत एका टीकाकाराने लिहिलं, “या बाईंच्या जिन्यावरून खाली उतरलं तरी माणूस त्याच पायरीवर राहतो. मुलांना त्या शाळेत नेमकं काय चढायला शिकवतात?” शाळेत त्याच महिन्यात बाईंची कायमची नेमणूक व्हायची होती. समितीच्या टेबलावर हे कात्रण गेलं आणि नेमणूक अडली.

मुख्य संपादकांनी मला बोलावलं. “मूळ कार्ड काढा. बाई म्हणतात, त्यांनी बरोबर लिहिलं होतं.”

मी बारा पावलं चाललो. खण उघडला. बाईंच्या तिरप्या अक्षरात ‘एच’ स्वच्छ लिहिलेलं होतं, खाली रेघही मारलेली, जणू माझ्यासारख्यासाठीच. मी ते कार्ड कोटाच्या खिशात घातलं.

आणि मग एक गोष्ट केली, जिचा अर्थ मला आजही नीट लागत नाही. कपाटातून कार्ड काढलं की त्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर तारीख आणि सही करायची, असा आमचा नियम होता. हजारो वेळा केलेलं काम. माझ्या हाताने लाल चिठ्ठी घेतली, तारीख घातली, सही केली आणि खणात खोचली. कार्ड चोरतानाही मी पोच देऊन आलो.

“सापडत नाही,” मी मुख्य संपादकांना सांगितलं.

“तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच. बाईंनीच नेलं असणार.” त्यांनी जागचं उठूनही पाहिलं नाही. खण उघडला असता तर पुढची एकतीस वर्षं वेगळी गेली असती, त्यांची नव्हे, बाईंची. मला काय झालं असतं? बोलणी बसली असती. फार तर दुसरं खातं दिलं असतं. एवढ्यालाच मी घाबरलो.

नऊ दिवसांनी पत्र आलं. सुरुवात नेहमीसारखीच, ‘संपादकमहाशय’. पुढे लिहिलं होतं, “कार्ड मी नेलेलं नाही. शाळेची समिती महिनाअखेर पुन्हा बसणार आहे. माझ्या कार्डावर ‘एच’ होतं, एवढी एक ओळ तुम्ही लिहून द्या. मुख्य संपादकांची नको, तुमची पुरे. खात्री असल्याशिवाय तुम्ही काही लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.”

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या वाक्यात ‘क्षमस्व’ लिहावं की ‘माफ करा’, यावर दोन दिवस गेले. मग महिनाअखेर आली. मग पुढच्या महिन्याची आली. बाईंच्या जागी शाळेने दुसरं कोणी नेमलं, हे मला जुळाऱ्याकडून कळलं. कोशातलं कामही त्यांच्याकडून गेलं. पत्र आणि कार्ड मी पहिल्या खंडात, त्याच पानात ठेवलं आणि खंड फळीवर ठेवून दिला.

गेल्या महिन्यात कचेरीतून फोन आला. कोश बंद होतोय, कार्डं रद्दीत जाणार आहेत, तुमचं काही असेल तर घेऊन जा. मी गेलो. माझ्या खोलीत आता एक तरुण मुलगी संगणकापुढे बसली होती. रद्दीत जाण्याआधी ती प्रत्येक खण तपासून यादी करत होती. मी नाव सांगितलं तशी ती एकदम हसली.

“तुम्ही होय! काका, तुमच्याकडे एक कार्ड येणं बाकी आहे.”

तिने लाल चिठ्ठी पुढे केली. रंग उडून ती गुलाबी झाली होती, पण सही ठणठणीत होती.

“सगळ्या कपाटांत मिळून ही एकच चिठ्ठी निघाली,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांनी कार्डं परत केली. घाबरू नका, दंड नाही लावत!”

मी चिठ्ठी घेतली. खिशात घालताना लक्षात आलं की कोट तोच नसला तरी खिसा तोच होता, डावीकडचा.

घरी ताई वाट पाहत होती. माझी थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. मेहुणे गेल्यापासून माझ्याकडे असते. चहा पुढ्यात ठेवून ती म्हणाली, “तोंड का असं? कार्डं रद्दीत चालली म्हणून? अरे, आपणही त्याच वाटेवर आहोत.”

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. 

“तीस वर्षं पोटात ठेवलंस?” ती म्हणाली.

“एकतीस.”

“हिशेब बरोबर सांगतोस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही मांजराचं नाव घेतलं होतंस. मांजराला आईने दोन दिवस घरात घेतलं नव्हतं, आठवतं? आणि तू खिडकीतून त्याला दूध देत होतास, रडत. दूध दिलंस, पण खरं नाही सांगितलंस.” ती उठली. “लिही आता. आणि मला मसुदे दाखवू नकोस.”

मी चार दिवस लिहिलं. एका मसुद्यात माझी बाजू जास्त झाली, दुसऱ्यात माझं दुःख. तिसरा बरा होता, पण तो वाचून वाटलं, हा माणूस स्वतःची पाठ थोपटतोय. शेवटी उरल्या तीन ओळी.

पत्ता तोच असेल का, या शंकेने कचेरीतल्या मुलीला फोन केला. लेखकांच्या जुन्या वहीतून तिने नंबर काढून दिला. नंबर फिरवायला मला आणखी दोन दिवस लागले. ताईने शेवटी फोन माझ्या मांडीवर आणून ठेवला.

पलीकडे बाईंची भाची होती. मी कोशाचं नाव सांगितलं आणि मग माझं.

तिने विचारलं, “संपादकमहाशय?”

“हो, तोच,” मी म्हणालो.

“मावशी तुमच्याबद्दल बोलायची. राग नव्हता हो तिचा. म्हणायची, आजारी असेल, नाहीतर लिहिलं असतं त्याने. कितीतरी वर्षं टपाल आलं की ती आधी पाकिटांवरची अक्षरं बघायची. मग हळूहळू सुटलं ते.”

“त्या आहेत ना?” मी विचारलं.

“आहे. पण मागच्या वर्षी डोक्यात रक्ताची गुठळी झाली. चालते, जेवते. वाचता मात्र येत नाही. म्हणजे डोळे चांगले आहेत, पण अक्षरं ओळखत नाही. कागद दिला की विचारते, या मुंग्या कुणी सोडल्या?”

“व्हायोलिन?”

“हातात दिलं तर धरते. वाजवत नाही. ऐकलेलं कळतं की नाही, तेही डॉक्टरांना सांगता येत नाही.”

मी म्हणालो की मला एक पत्र पाठवायचं आहे, आणि त्यासोबत त्यांचं एक कार्ड.

“पाठवा ना,” ती म्हणाली. तिचा आवाज चांगला होता, अगदी साधा. “मी वाचून दाखवीन. फक्त उत्तराची वाट पाहू नका.”

फोन ठेवल्यावर मी मनाशी मोजलं. तो टीकाकार गेला, ती पुरवणी बंद पडली, मुख्य संपादक गेले, समितीतलं कोण राहिलं असेल देव जाणे, आणि खंड उद्या-परवा रद्दीवाल्याच्या तराजूत पडतील. माझी एक ओळ ज्यांना दाखवायची होती त्यांतलं कोणी उरलं नव्हतं. उरल्या होत्या त्या फक्त बाई, आणि त्यांच्यापाशी आता ‘एच’ही नव्हतं आणि ‘बी’ही नव्हतं.

“मग? आता नाही पाठवणार?” ताईने दारातून विचारलं.

“कुणासाठी पाठवू?”

“ते तू तेव्हा विचारायचं होतंस,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी पाकीट घेतलं. त्यात कार्ड ठेवलं, त्याला ती लाल चिठ्ठी टाचली आणि तीन ओळींचा कागद घातला : “तुमच्या कार्डावर ‘एच’ होतं. ते मी खोडलं आणि कार्डही मीच नेलं. तुम्ही बरोबर होता, आणि याबद्दल मला कसलीही शंका नाही.” खाली सही केली. तारीख आजची घातली. ती तरी खरी असावी.

टपालपेटी आमच्या गल्लीच्या टोकाला, औषधांच्या दुकानासमोर आहे. वाटेत दोनदा थांबून मी पत्ता वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लागलो, तेव्हा दुकानदाराने हाक मारली, “आजोबा, पेटी उघडायला गाडी येईल आता, टाकायचं असेल तर टाका.”

मी पाकीट फटीत धरलं. ते सोडायला बोटांना वेळ लागला. मग आत, रिकाम्या पत्र्यावर, ते पडल्याचा आवाज आला.